गाडीत पाणी न पिणाऱ्या ताईंना

पत्र थोडक्यात असं आहे. सांगलीच्या एक ताई, वय ५२. मुलगी डोंबिवलीला, नातू सात महिन्यांचा, मुलीची नोकरी परत सुरू झालीये. म्हणून ताई दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या महालक्ष्मीनं कल्याणला जातात, तीन दिवस राहतात आणि दिवसाच्या कोयनेनं परत येतात. प्रत्येक फेरीनंतर चार दिवस वाया. डोकं धरतं, पावलं सुजतात, पोट साफ होत नाही, आणि गेल्या सहा महिन्यांत दोनदा लघवीला जळजळ होऊन गोळ्या घ्याव्या लागल्या (दुसऱ्या वेळी जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून त्याच गोळ्या आणल्या). मिस्टर म्हणतात स्लीपर बसनं जा नाहीतर जाणंच कमी कर, सासूबाई म्हणतात हिला गाडीची हवा मानवत नाही. ताईंच्या मते त्या भरपूर काळजी घेतात. "दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब नाही, रात्रीचं जेवण नाही, त्या दिवशी बीपीची गोळीपण घेत नाही कारण तिच्यानं सारखं जावं लागतं." पाय सुजतात म्हणून घट्ट मोजे ऑनलाइन मागवलेत. प्रश्न असा, की अजून काय करू, काढा, टॉनिक, आसनं? की वय झालं म्हणून प्रवास सोडू? ता.क. मध्ये जावयांसाठी भडंग न्यावं का असंही विचारलंय.

ताई, तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मीच लिहिलंय. मी साताऱ्याची, मधली काही वर्षं नोकरीपायी मुंबईला जाऊन येऊन होते. आमचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला, रात्रीचा रिक्षावाला म्हणेल ते भाडं, आणि माझाही नियम तुमच्यासारखाच, दुपारच्या चहानंतर पाणी बंद. मला त्याचा अभिमानपण होता बरं का, ऑफिसात सांगायचे मी, सातारा ते दादर एकदाही उठत नाही म्हणून. मग एकदा ताप भरला, हुडहुडी, कंबरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, प्रवासाच्या दिवशी दुपारनंतर किती वेळा लघवीला जाता? मी म्हटलं, एकदाच, घरातनं निघताना. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि नुसतं बघत बसल्या माझ्याकडं.

तर आता हिशोब करू. दुपारी चारला पाणी बंद. गाडी सांगलीला येते रात्री दहाच्या आसपास. कल्याण पहाटे. तिथनं लोकल, मग मुलीचं घर, बाळ हातात, आणि पहिला ग्लास पाणी तुम्ही पिता सात साडेसातला. म्हणजे पंधरा तास कोरडे, पोटात अन्न नाही, आणि बीपीची गोळी चुकलेली. ताई, एवढं घरी बसून केलंत तरी डोकं दुखेल. सांगलीचा एप्रिल असेल तर चक्कर येऊन पडाल. आणि सासूबाई म्हणतात गाडीची हवा! हवा बिचारी काय करणार यात.

तुम्ही ज्याला काळजी म्हणताय तेच दुखणं आहे असं मला वाटतं, आणि हे मी रागवून लिहीत नाहीये, कारण त्यामागचं कारण मला पक्कं माहितीये. ते कारण म्हणजे गाडीचं टॉयलेट. तुम्ही तो शब्द अख्ख्या पत्रात एकदाही लिहिला नाहीत, "सारखं जावं लागतं" एवढंच. आपण बायका प्रवासाची तयारी करतो ती त्या दाराच्या पलीकडं जायला लागू नये म्हणून, आणि त्यापायी मूत्राशय, आतडी, डोकं सगळ्यांना उपास घडवतो.

म्हणून आधी त्या दाराचंच बोलू. महालक्ष्मी कोल्हापुरातनं सुटते, म्हणजे सांगलीला येईस्तोवर गाडी जेमतेम तासाभराची जुनी असते. टॉयलेट सगळ्यात स्वच्छ असतं ते तेव्हाच. चढलात, बॅग सीटखाली सरकवली की लोक अंथरूण घालायच्या गडबडीत असतात, त्याच वेळी जाऊन या. दुसरी फेरी पहाटे, पण कल्याण यायच्या तासभर आधी, अलार्म लावून. कल्याण जवळ आल्यावर गेलात तर दारात सहा माणसं टूथब्रश तोंडात धरून उभी असतात आणि आत जे काय असेल ते असेल. डब्याच्या दोन्ही टोकांना टॉयलेट असतात हे पण बऱ्याच जणी विसरतात, एका बाजूचं खराब असेल तर दुसऱ्या टोकाला चालत जा, तेवढेच पाय मोकळे होतात. फारच घाण असेल तर १३९ ला फोन करा, सफाईची तक्रार चालत्या गाडीत घेतात, मी दोनदा केलाय आणि एकदा माणूस खरंच आला. (दुसऱ्यांदा नाही आला, खोटं कशाला सांगू.)

आणि आता एक खासगी प्रश्न. तुम्ही प्रवासाला साडी नेसता ना? मला जवळजवळ खात्री आहे. ओली फरशी, हलती गाडी, एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातानं दांडा, पदर खांद्यावर गुंडाळलेला, चप्पल घसरतेय, अशा अवस्थेत कोण जाईल हो? मीपण नसती गेले. पंजाबी ड्रेस घाला, सलवारीऐवजी इलॅस्टिकची पॅन्ट, कुडता गुडघ्यापर्यंतच. पायात मागं पट्टा असलेली रबरी चप्पल. खिशात कागदी साबण आणि टिश्यू, मोबाइल मात्र बर्थवर ठेवून जा, तो त्या भांड्यात गेला की गेला. सासूबाई काही म्हणाल्या तर म्हणा सदरात लिहून आलंय. भारतीय पद्धतीच्या टॉयलेटमध्ये नीट उकिडवं बसता येत असेल तर तेच बरं, कमोडवर अधांतरी अर्धवट वाकून केलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. गुडघे साथ देत नसतील तर मेडिकलमध्ये बायकांसाठी कागदी नरसाळी मिळतात, उभ्यानं वापरायची. पहिल्यांदा घरी बाथरूममध्ये सराव करा, डायरेक्ट गाडीत नको. आणि ती नरसाळी, पॅड, टिश्यू काहीही भांड्यात टाकायचं नाही. गाडीत आता बायोटॉयलेट असतात, त्यात असल्या वस्तू अडकल्या की ते तुंबतं आणि मग पुढच्या बाईला पाणी बंद करावं लागतं.

पाण्याचं म्हणाल तर ढसाढसा प्यायची गरजच नाही. दिवसभर नेहमीसारखं प्या, संध्याकाळी सातपर्यंत नीट, मग गाडी येईपर्यंत घोट घोट. निघताना घरी जाऊन या. स्टेशनवर चहा नको, चहानं झोपही जाते आणि लघवीही वाढते. रात्री घसा सुकला तर दोन घोट. पहाटे जाग आली की अर्धा ग्लास. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय, हळदीच्या पाण्यासारखी गर्द झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. सांगलीकरांना हळदीचा रंग मी काय सांगणार.

आता बीपीच्या गोळीचं, आणि इथं मी जरा कडक होणारे. ती गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. महिन्यातनं दोन फेऱ्या, जाताना येताना धरून चार दिवस गोळी नाही, म्हणजे महिन्यातनं चारदा बीपी वाऱ्यावर. ते डोकं धरतं ना, त्याचं एक कारण हेही असू शकतं. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते हे खरंय, पण त्याला उपाय म्हणजे डॉक्टरांना विचारून वेळ बदलणं. रात्री प्रवास असेल तर सकाळी घेतली तर चालेल का, एवढाच प्रश्न, दोन मिनिटांचं काम. दुसरं म्हणजे बीपीच्या काही गोळ्यांनी पावलं पण सुजतात, तेव्हा गोळीचं पाकीट घेऊनच जा दाखवायला. गाडीला नावं ठेवायच्या आधी हे बघून घ्या.

जळजळीचंही तसंच. सहा महिन्यांत दोनदा झालं म्हणजे डॉक्टर लोक त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात, जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून भागवायची ती गोष्ट नाही. युरिन कल्चर करून घ्या, त्यात नक्की कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते कळतं. शुगर तपासा. आणि या वयात पाळी जाण्याच्या सुमारास आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळंही इन्फेक्शन लवकर होतं, त्यावर वेगळे उपचार असतात, पण आपण ते डॉक्टरांपुढं बोलतच नाही. बोला. सांगली मिरजेला डॉक्टरांची काय कमी आहे, अख्खा कर्नाटक मिरजेला येतो दाखवायला. ताप, थंडी, कंबरेत दुखणं, लघवीत रक्त यातलं काहीही झालं तर मात्र त्याच दिवशी जायचं, "डोंबिवलीहून आल्यावर बघू" नाही.

मोज्यांचं सांगते. तास न् तास पाय खाली सोडून बसलं की रक्त पायात साचतं, त्यानं सूज येते, आणि क्वचित कुणाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये यावर केलेला अभ्यास जाहीर केला, त्यात चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला तर हा धोका साधारण दुप्पट होतो असं आलं, मग ते विमान असो, रेल्वे असो, बस असो की कार. दुप्पट म्हटल्यावर घाबरू नका, मुळात तो धोका फार कमी, त्यांच्याच हिशोबानं साधारण ६ हजारांत एक. ज्यांना आधी गुठळी झालीये, नुकतं ऑपरेशन झालंय, गरोदर आहेत, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारावं. तुम्ही महालक्ष्मीत आडव्या झोपून जाता, तिथं मोज्यांचा काय उपयोग? आणि मापाशिवाय मागवलेले घट्ट मोजे पोटरीत रुतले तर उलटा त्रास. तुमची सूज येते ती कोयनेत, येताना, आठ नऊ तास बसून. तिथं दर तासाला उठून डब्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, बसल्या बसल्या चवडे वर खाली करायचे, टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, वीस पंचवीस वेळा. कुणाला कळतही नाही. पाय खाली लोंबत असतील तर छोटी बॅग पायाखाली घ्या. खिडकी मिळाली तर गाडी ज्या दिशेला चाललीये तिकडं तोंड करून बसा, घाटातल्या वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांना याचा फार फरक पडतो, लांबच्या डोंगराकडं बघायचं, मोबाइलमध्ये नाही. आणि नीरेपासून पुढं वाठारपर्यंत बघण्यासारखं आहे की किती! पूर्वी एकेरी लाइन होती तेव्हा क्रॉसिंगला गाडी आदर्कीला नाहीतर सालप्याला उभीच राहायची, लोक वैतागायचे, मी खाली उतरून फेऱ्या मारायचे. आता डबल लाइन झाल्यापासून ती चैन गेली.

स्लीपर बसबद्दल मिस्टरांना सांगा की बसला टॉयलेटच नसतं. मध्यरात्री हायवेच्या ढाब्यावर ड्रायव्हर म्हणेल तेव्हा उतरायचं, अंधारात. तुमच्या दुखण्याला बस म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तिकिटाचं एक विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय की भाचा तिकीट काढतो आणि नेहमी वरचा नाहीतर मधला बर्थ येतो. मधल्या बर्थवरनं रात्री उतरायचं म्हणजे खालच्याच्या अंगावर पाय, म्हणून तुम्ही उठतच नाही, बरोबर? अहो, ४५ वर्षांवरच्या बायकांना लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. एकटीनं किंवा दोघींनीच जात असाल तर तिकीट काढताना तो निवडता येतो, शिल्लक असेल तर खालचाच मिळतो. भाच्यानं वय बरोबर टाकलंय का आणि जनरल कोट्यातच काढतोय का ते बघा. तुमच्या अर्ध्या अडचणी कदाचित त्या एका क्लिकमध्ये आहेत. खालचा मिळाला की गाडीत चढल्या चढल्या झोपता पण येतं, रात्री दहा ते सहा ही झोपायची वेळच आहे रेल्वेच्या नियमानं, समोरचा गप्पा मारत तुमच्या बर्थवर बसला असेल तर हसून उठवायचं. पातळ चादर, कानात कापसाचे बोळे, डोळ्यांवर ओढणी, एसीत असाल तर पायात साधे सुती मोजे. बास.

खाण्याचं फार लिहीत नाही, आपल्याकडं ते सगळ्यांना येतं. फक्त उपाशी राहू नका. साडेसातला घरीच वरणभात, नाहीतर सोबत दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशमी दुधात भिजवलेली, मऊ राहते, पोटाला जड नाही, आपल्या आज्या काय उगीच बांधून देत नव्हत्या. दह्यातलं, ओल्या नारळाचं काही उन्हाळ्यात नेऊ नका. पोट साफ न होण्याचं कारण निम्मं पाणी आणि निम्मं धावपळ आहे, मुलीकडं पोचल्यावर गरम पाणी प्या आणि दहा मिनिटं बाळ कुणाच्या तरी हातात द्या.

आता जे मला खरं म्हणजे पहिल्यांदा लिहायचं होतं ते. तुमच्या पत्रात प्रवासाच्या दिवसाचं वर्णन आहे ना, ते मी परत परत वाचलं. सकाळी पाचला उठून घरच्यांसाठी तीन दिवसांच्या भाज्यांची तयारी, सासूबाईंच्या गोळ्या डब्यांत लावून ठेवणं, मग डिंकाचे लाडू, मेतकूट, नाचणीचं सत्त्व, कैरीचं लोणचं, घरचं तूप, ज्वारीचं पीठ पाच किलो. साडेनऊला दोन पिशव्या आणि एक बॅग घेऊन रिक्षात. गाडी यायच्या आधीच तुम्ही थकलेल्या असता हो! रेल्वे स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेऊ देते, पण आपली कंबर देत नाही. आणि ज्वारीचं पीठ डोंबिवलीत मिळतं, मी स्वतः घेतलंय.

तुम्ही मुलीला कधी विचारलंय का, तुला माझ्याकडनं काय हवंय म्हणून? मला वाटतं ती म्हणेल, आई तू ये, बाळाला धर, मला दोन तास झोपू दे. लाडू ती म्हणणार नाही. मी चुकत असेन, पण विचारून तर बघा. आणि पंधरा दिवसांनी तीन दिवस हेच गणित कशाला? महिन्यातनं एकदाच जाऊन आठवडाभर राहिलात तर फेरी एक कमी आणि मुलीला सलग आधार. तोवर इकडं घरी काय होईल ही तुमची भीती दिसते. मिस्टरांना आमटी लावता येत नसेल तर ५७ व्या वर्षी शिकायला हरकत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायला काही डिग्री लागत नाही. एखाद्या खेपेला त्यांनाच घेऊन जा सोबत, सामान उचलायला माणूस आणि आजोबांनाही नातू. सासूबाईंजवळ राहायला नणंद मिरजेलाच आहे असं तुम्हीच लिहिलंय. अर्थात घराघराची गोष्ट वेगळी असते, तुमच्याकडं यातलं काय जमेल ते तुम्हालाच माहीत. पण प्रवास "सोडायचा" का हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. सोडायच्याच असतील तर आधी त्या दोन पिशव्या सोडा.

आसनं, काढे, टॉनिक याबद्दल काहीच लिहिलं नाही असं वाटेल. काढा गाडीच्या दिवशी नकोच, नवीन काहीही पोटात घालायचा तो दिवस नाही. आसनं रोज घरी करत असाल तर उत्तम, पण प्रवासापुरती केलेली आसनं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास.

पुढच्या फेरीला एवढंच करून बघा. खालचा बर्थ, पंजाबी ड्रेस, नीट जेवण, गोळी डॉक्टर सांगतील त्या वेळेला, गाडीत चढल्यावर एकदा आणि पहाटे एकदा उठणं, आणि हातात एकच बॅग. त्याआधी ते कल्चर मात्र करूनच निघा, रिपोर्टला दोन तीन दिवस लागतात, म्हणजे सोमवारीच द्या.

आणि हो, भडंग. जावयांना सांगलीचं भडंग आवडतं तर न्या की, वजनाला हलकं, बॅगेत वरच्या वर बसतं. फक्त लसूण मिरची मीठ सगळं जोरात असतं त्यात, रात्री गाडीत भूक लागली म्हणून पाकीट तुम्ही फोडलंत तर रात्रभर तहान तहान होईल आणि सकाळी जावयांच्या हातात अर्धं पाकीट. मी एकदा दिलंय तसं. अजून बोलून दाखवतात.